चित्रात नसलेला डोंगर

वनमाळी मास्तरांनी फोटोची काच काढली नाही, नुसता कागद काढला, तेव्हा मालूच्या मनात पुन्हा पाल चुकचुकली.

दसऱ्याचा दुसरा दिवस होता. दरबाराची मिरवणूक आदल्या संध्याकाळी आटोपली होती आणि जव्हारच्या रस्त्यावर झेंडूच्या पाकळ्या अजून पायाखाली येत होत्या. नानांच्या घरी दरवर्षीसारखी बैठक भरली होती. तबकात आपट्याची पानं, पाटावर चहाची किटली, भिंतींवर चौकटींत बसवलेली चित्रं. सगळं जिथल्या तिथे होतं, फक्त नाना नव्हते.

नाना म्हणजे मालूचे वडील. संस्थानात कोणाचं लग्न असो, कोणा अंमलदाराची बदली असो, फोटो काढायला नानांनाच बोलावणं यायचं. ते पोटासाठी. स्वतःसाठी ते रानात जायचे. पाड्यावरची माणसं, बाजाराच्या वाटेवरच्या बायकांच्या डोईवरच्या पाट्या, ओढ्याकाठचे पक्षी, वाळत घातलेली नाचणी, असलं काहीबाही काचेवर धरून आणायचे. याच वेडाचे त्यांना दोन सोबती मिळाले होते, दोघेही डहाणूचे. एक होरमसजी, लाकडाच्या वखारीचे पारशी मालक. दुसरे वनमाळी, तिथल्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर. दसऱ्याला दोघे बैलांची दमणी जोडून घाट चढायचे, आणि प्रत्येकाने वर्षभरातलं आपलं एकच लाडकं चित्र मांडून त्याची कहाणी सांगायची.

कहाणीला नानांचा एक नियम होता. चित्रात जे दिसतं ते सांगायचं नाही, ते डोळ्यांना कळतं. त्यात काय आलं नाही, ते सांगायचं.

चैत्रात नाना सूर्यमाळच्या पाड्यावर गेले ते वनमाळी मास्तरांबरोबर. परतले ते झोळीतून, पांघरूण घातलेले. मास्तरांनी सांगितलं, रात्री जेवले, निजले, सकाळी उठलेच नाहीत. "झोपेत गेले, मालू. काही कळलंसुद्धा नाही त्यांना." आलेगेले सगळे म्हणाले, पुण्यवान माणूस. मालूही मान डोलावत राहिली. पण अंघोळ घालताना नानांच्या उजव्या तर्जनीला गुंडाळलेला लाल दोरा तिला दिसला होता, आणि तो तिने हळूच सोडवून आपल्या करंड्यात ठेवला होता.

तो दोरा काय असतो, हे तिला माहीत होतं. काचा लाकडी चौकटीत भरून न्यायच्या, एका चौकटीत दोन, पाठीला पाठ लावून. एका बाजूवर चित्र घेतलं की नाना त्या बाजूच्या कडीला लाल दोरा बांधायचे, म्हणजे त्याच काचेवर चुकून दुसरं चित्र पडायचं नाही. उभ्या आयुष्यात त्यांची एक काच अशी फुकट गेली नव्हती. दोरा खिशात असायचा नाहीतर कडीला असायचा. बोटाला गुंडाळून झोपायची वस्तू नव्हती ती.

तेव्हापासून तिला वाटत होतं, कुठेतरी पाणी मुरतंय. तिचे यजमान नाशिकला शाळाखात्यात होते. ती नानांच्या दिवसांना म्हणून आली आणि सहा महिने झाले तरी परतली नव्हती. "घर आवरायचंय," असं ती लिहायची. घर केव्हाच आवरून झालं होतं. नानांची शेवटची काच मास्तरांकडे होती. तिने ती मागितली, तर आधी म्हणाले धुवायची आहे, मग म्हणाले पावसाळी हवेत वार्निश वाळत नाही. मालूने लहानपणापासून पुष्कळ वाचलं होतं. वाचनाने माणूस शहाणा होतो की नुसताच संशयी, हे मात्र तिला अजून ठरवता आलं नव्हतं.

"पहिला मी," होरमसजी म्हणाले आणि त्यांनी आपलं चित्र पाटावर ठेवलं. खाडीच्या चिखलात एक म्हैस, तिच्या पाठीवर बगळा. बगळा असा ऐटीत, जणू म्हैस त्याच्या वडिलोपार्जित मालकीची.

"यात काय आलं नाही, होरमसकाका?" मालूने विचारलं. हा प्रश्न नाना विचारायचे.

"यात मी आलो नाही, दीकरी. कमरेपर्यंत चिखलात. आणि म्हशीच्या मालकाच्या शिव्या आल्या नाहीत. त्याला वाटलं, हा बावा म्हैस चोरायला आला. मी म्हटलं, अरे, म्हैस तुझी तुला ठेव, मला बगळा पाहिजे. तो म्हणतो, बगळा पण माझाच."

किटली उचलायला आलेली गोजाबाई चित्राकडे बघत उभी राहिली. ती घरात कामाला होती आणि या मंडळींच्या चित्रांबद्दल तिचं मत फारसं चांगलं नव्हतं. "एवढा चिखल तुडवून म्हशीची पाठच काढली?" ती म्हणाली. "तोंड तरी काढायचं."

"तोंड मालकाकडे होतं, गोजाबाई. दोघं एकसारखे रागावलेले."

मास्तर हसले नाहीत. आल्यापासून ते बोटांनी धोतराची चूण मोडत होते. होरमसजींनी त्यांना कोपराने डिवचलं तेव्हा त्यांनी पिशवीतून एक कागद काढला आणि मालूसमोर ठेवला.

"हे माझं नाही," ते म्हणाले. "नानांचं आहे. सूर्यमाळचं. शेवटचं."

पाड्याखालचा झिरा. तळाशी जेमतेम वाटीवाटीने साठणारं पाणी, करवंटीने ते हंड्यात भरणारी एक बाई, आणि तिच्यामागे आपल्या पाळीची वाट बघत उकिडव्या बसलेल्या बायका. हंड्यांची रांग खडकावरून वळत गेलेली. बायकांच्या अंगावर हलकं धुकं, आणि मागे सगळं आभाळ, पांढरं, रिकामं.

होरमसजींनी चष्मा सावरला. "वाह," ते हळूच म्हणाले. "धुकं काय पकडलंय नानाने. जशी मलमल."

मालू बघत राहिली. चित्र सुंदर होतं, याबद्दल तिला शंका नव्हती. शंका धुक्याबद्दल होती. चैत्रात सूर्यमाळला प्यायला पाणी नसतं, हवेत कुठून येणार? मनातला प्रश्न तिने मनातच ठेवला आणि मान वर करून समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

तिथे त्याच झिऱ्याचं एक जुनं चित्र होतं. दोन हिवाळ्यांपूर्वी नाना तिलाही बरोबर घेऊन गेले होते, तेव्हाचं. तोच सपाट खडक, तोच दुबेळक्याचा उंबर, कॅमेरा ठेवायची जागाही तीच. त्या चित्राच्या वरच्या अर्ध्या भागात काळाभोर, रानाने भरलेला डोंगर होता. त्या डोंगरामुळेच झिऱ्यावर ऊन उशिरा पोचतं, असं नानांनी तिला तेव्हा सांगितलं होतं.

पाटावरच्या चित्रात उंबराचे शेंडे मध्येच कापल्यासारखे संपले होते. त्यांच्यावर आभाळ होतं.

"मास्तरकाका," ती म्हणाली, "यात काय आलं नाही?"

"पाऊस," मास्तर म्हणाले.

उत्तर तयार होतं. घाट चढताना घोकून आणल्यासारखं. होरमसजींनी मान हलवून दाद दिली. मालूने दिली नाही.

"आणि डोंगर?"

"कोणता डोंगर?"

"तो." तिने भिंतीकडे बोट दाखवलं. "दोन वर्षांत कुठे गेला?"

मास्तरांनी भिंतीकडे पाहिलंच नाही. "कोन वेगळा असेल. नाना कधी कुठे कॅमेऱ्याची पेटी मांडतील, तुला ठाऊक आहे."

"उंबर तोच आहे. खडक तोच आहे. फक्त डोंगर उठून गेलाय." तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "काच कुठे आहे?"

"डहाणूला. घरी. अशी काच घाटातून कोण आणतो? फुटली तर?"

"डहाणूला?" होरमसजींनी चहाचा कप खाली ठेवला. भला माणूस, आणि भला असल्यामुळेच धोकादायक. "अरे मास्तर, मग दमणीत मांडीवर काय होतं? अख्खा घाट ती पेटी छातीशी धरून बसलास. मी म्हटलं इकडे दे, तर म्हणालास, नको, काच आहे."

बाहेर कोणीतरी बैलांना पाणी दाखवत होतं, त्यांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजल्या.

मास्तर उठले. ओसरीवरून त्यांनी गवतात बांधलेली चपटी पेटी आणली आणि मालूच्या हातात न देता तिच्या समोर ठेवली. पुन्हा आपल्या जागी जाऊन बसले. चोरी पकडली गेलेल्या माणसासारखे ते दिसत नव्हते. दुखणं लपवून थकलेल्या माणसासारखे दिसत होते, आणि याचाच मालूला जास्त राग आला.

काच तिने खिडकीशी धरली. खालच्या भागात बायका होत्या, उलट्या रंगांत, काळ्या हंड्यांच्या जागी पांढरे. वरचा भाग लालभडक होता. डिंकात कालवलेला लाल रंग, एकसारखा, अगदी ड्रॉइंग मास्तरच्या हाताने फिरवलेला. असा रंग लावला की तिथून उजेड पार होत नाही आणि कागद तेवढ्या जागी कोरा राहतो. डोंगर गेला होता तो इथे.

"डाग पडला होता," मास्तर म्हणाले.

"डाग पडला तर डागापुरतं रंगवतात. तुम्ही डोंगर रंगवलाय." तिने तांब्यातल्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवून पिळला. "रंग आहे, तो जातो."

"पुसू नकोस, मालू."

"का?"

"पुसलंस की विचारशील. विचारलंस की मला सांगावं लागेल. आणि तुला न सांगण्याबद्दल मी शब्द दिलाय."

"कोणाला?"

मास्तरांनी तिच्या हातातल्या बोळ्याकडे पाहिलं. तिच्या मनात सहा महिने रचत आणलेल्या सगळ्या गोष्टी एकदम उभ्या राहिल्या. नानांना कड्यावर नेऊन पेटी मांडायला लावली असेल. आजारी असताना चित्रासाठी थांबवून ठेवलं असेल. भांडण झालं असेल. चांगली काच कोणाच्या नावावर जावी यावरून माणसं काय काय करतात, हे तिने पुस्तकांत वाचलं होतं. तिने बोळा काचेवर ठेवला आणि हलक्या हाताने फिरवला. लाल पाणी तिच्या मनगटावरून ओघळलं.

रंगाखाली काहीतरी होतं. उलट्या रंगांत तिला ते नीट लागेना. एक काळा गोळा, त्याखाली काळसर पसारा, बाजूला एक तिरपी काळी रेघ. काच सुकल्यावर तिने उन्हात चित्र उमटवायचा कागद आणला, काच आणि कागद छापायच्या चौकटीत आवळले आणि चौकट अंगणात, तुळशीपलीकडे उन्हात ठेवली. तिघंही भोवती उभी राहिली. गोजाबाई लांबून बघत होती.

पहिल्यांदा उंबर आला, शेंड्यांसकट. मग त्याच्यामागे डोंगर हळूहळू गडद होत गेला, आणि डोंगराच्या ऐन पोटात एक माणूस उजळ राहिला. दारात बसलेला. खांद्यांवरून फिकी कांबळ ओढून घेतलेली, चैत्राच्या दिवसांत. गाल आत गेलेले, डोळे सरळ समोर.

होरमसजींनी डोक्यावरची टोपी काढली.

या घरात दोन-तीनशे चित्रं होती, आणि नानांचं एकही नव्हतं. काढू देत नसत. "मी पेटीमागे बरा," म्हणायचे. मालूने कितीदा हट्ट केला होता. आता ते तिच्यासमोर बसले होते, झिऱ्यावरच्या बायकांच्या वर, डोंगराच्या आत, आणि त्यांना ताप होता. तो दिसत होता. लहान मूलही सांगू शकलं असतं.

"एका काचेवर दोन," होरमसजी पुटपुटले. "धुकं नव्हतं ते, वर पडलेलं दुसरं चित्र होतं. आणि नानाच्या हातून?"

मालू खाली वाकली. कांबळीच्या फिक्या रंगावर नानांची उजवी मूठ स्पष्ट दिसत होती, आणि बोटाला गुंडाळून खाली लोंबणारी एक बारीक काळी रेघ. दोरा. कडीला बांधायला काढला होता आणि बांधायचा राहिला होता.

"झोपेत गेले म्हणालात," ती म्हणाली. "हा दिवसाचा उजेड आहे. ताप चढलेला आहे. माणसाला बसता येईना म्हणून तो दाराच्या चौकटीला टेकलाय. आणि तुम्ही त्यांच्यासमोर पेटी मांडून कापडाखाली शिरला होता." मग तिने नियमाप्रमाणे सांगितलं. "या चित्रात काय आलं नाही, ते मी सांगते, मास्तरकाका. यात झोळी नाही. त्यांना खाली आणायला कोणी झोळी बांधली नाही."

"आहे," होरमसजी म्हणाले.

त्यांनी खिशातलं भिंग काढून तिच्या हातात दिलं. दाराच्या बाजूला टेकवलेली ती तिरपी रेघ म्हणजे बांबू होता. त्याला दोन्ही टोकांना घोंगडी बांधलेली होती, मधोमध झोळ सोडून. तयार. रिकामी.

मास्तर पायरीवर बसले. "म्हाताऱ्या सुकऱ्याने बांधली," ते म्हणाले. "त्याच्याच झोपडीचं दार ते. पहाटे झिऱ्यावरचं चित्र घेतलं तेव्हाच नाना कापत होते. मला म्हणाले, गारठा आहे. मग एकदम बसलेच. पाड्यावर सुकऱ्या सोडून पुरुष नव्हता. सगळे वेठीला नेलेले, कोणा साहेबाचा तळ हलवायचा होता. मी आणि सुकऱ्या दोघांनी ती उतरण उतरवणं शक्य नव्हतं. म्हटलं, खाली बायका आहेत, हाक मारतो."

"मग?"

"मग काय. माझा हात धरला. म्हणाले, वनमाळी, शब्द काढायचा नाही. या बायका रात्रीपासून पाळी धरून बसल्यात. उठल्या की पाळी गेली, आणि मागून आलेली पाणी नेणार. भरू दे त्यांना. मग जाऊ."

"आणि तुम्ही ऐकलंत."

"तू कधी त्यांना ऐकायला लावलं होतंस?"

मालूने भिंग होरमसजींच्या हातात परत दिलं.

"वाट बघत बसलो," मास्तर म्हणाले. "तेव्हा स्वतःच म्हणाले, एक माझं काढ, मालू कधीची मागतेय. म्हणाले, चौकटीची ही बाजू कोरी आहे. कडीला दोरा नव्हता, मी कशाला संशय घेऊ? नाना म्हणजे नाना. ऊन वर आलं, शेवटच्या रुपीचा हंडा भरला, तेव्हा हाक मारली. चौघीजणी हंडे तसेच ठेवून धावत आल्या. त्यांनीच उचललं. वाटेत, पोशेरा गावाच्या अलीकडे..." ते थांबले. "त्याआधी मला म्हणाले, मालूला सांगू नकोस मी थांबलो म्हणून. तिला वाटेल, मी तिच्याकडे यायची घाई केली नाही."

मालूने चौकटीकडे पाहिलं. मास्तर खरं बोलत होते की नाही, हे ती अजूनही तपासू शकत होती. रुपी होती, सुकऱ्या होता. पण बांबू चित्रात होता, आणि हा हट्ट तिच्या ओळखीचा होता. पंगतीत शेवटचं पान वाढून झाल्याशिवाय ज्याने कधी घास उचलला नाही, त्या माणसाचा हट्ट. इतके दिवस राग धरायला मास्तर होते. आता राग धरायचा तर तो चित्रातल्या त्या तापलेल्या माणसावर धरावा लागणार होता.

"कागद काळा पडेल, दीकरी," होरमसजी म्हणाले.

ती चौकट उचलून अंधाऱ्या खोलीत गेली, चित्र पक्कं करायला कागद हायपोत बुडवला, धुतला, दोरीवर लावला. किती वेळ ती आत होती, कोणी विचारलं नाही. बाहेर आली तेव्हा पदराचं टोक ओलं होतं आणि हातात काच होती.

"त्या बायकांना चित्र द्यायचं कबूल केलं होतं का नानांनी?"

"नेहमीसारखं," मास्तर म्हणाले. "रुपीने तर विचारून घेतलं होतं, माझा हंडा येईल ना."

"त्यांना माहीत आहे?"

"काय?"

"ते त्यांच्या हंड्यांसाठी थांबले होते म्हणून."

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. "त्यांना वाटतं, हाक मारली तेव्हाच दुखणं आलं."

मालू पाटाशी बसली. काच तिने मांडीवर आडवी धरली. नानांचा चेहरा उलट्या रंगांत होता, केस पांढरेशुभ्र, डोळे पांढरे, कोणाचाही असू शकला असता. तिने मास्तरांकडे हात केला.

"रंग आहे ना बरोबर?"

मास्तरांनी पिशवीतून लाल रंगाची वडी आणि कुंचला काढून दिला, पण कुंचला सोडला नाही. "मी लावतो. हात बसलाय माझा."

"नको. तुम्ही उंबराचे शेंडे कापले होते. या वेळी शेंडे राहू देऊ."

तिने वडी थेंबभर पाण्यात घासली आणि झाडाच्या एकेका फांदीला वळसा घालत डोंगर रंगवायला घेतला. आधी बांबू गेला, मग कांबळ, मग दोरा धरलेली मूठ. चेहऱ्याशी ती थांबली, कुंचला पुन्हा भिजवला.

होरमसजी तिच्या खांद्यावरून बघत होते. "सूर्यमाळला तू स्वतः नेणार हे?"

"दिवाळीनंतर."

"आणि रुपीने तुझ्या बापाचा नियम लावला तर? विचारलं, यात काय आलं नाही, तर काय सांगशील?"

मालूने मान वर केली नाही.

"पाऊस," ती म्हणाली.